छोट्या पॅलुडेरियममध्ये 'कुठलाही छोटा मासा चालतो'? नाही चालत!

ओलीमाती:
परवा दगडफूल यांनी लिहिलंय की छोट्या पॅलुडेरियममध्ये (म्हणजे अर्धं पाणी, अर्धी जमीन असलेल्या काचेच्या टँकमध्ये) निऑन, गप्पी, झेब्रा डॅनिओ, बेटा, दोन इंचांच्या आतलं काहीही सोडा, झाडं भरपूर असली की घाण झाडंच ओढून घेतात. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. नवीन माणसं असलंच वाचून मासे आणतात आणि थोड्याच दिवसात 'एकेक करून मरतायत, काय करू' विचारत येतात.

आधी पाणी मोजा. ६० बाय ४५ चा टँक, पाणी १५ सेंमी, कागदावर झाले ४० लिटर. त्यातली अर्धी जागा जमिनीने खाल्ली, वर दगड, लाकूड, तळाची माती. राहिलं १५-१८ लिटर, आणि तेही सलग नाही, कोपऱ्याकोपऱ्यात अडवलेलं. झेब्रा डॅनिओ दिवसभर सुसाट पळणारा मासा, तो त्यात करणार काय? निऑनला थवा लागतो, थव्याला मोकळी लांबी लागते. गप्पीची मादी महिन्या-सव्वामहिन्याला पिल्लं टाकते, ती कुठे ठेवणार? मासा किती लांब आहे हे बघून उपयोग नाही, तो दिवसभर करतो काय ते बघा.

माझं म्हणणं, एकच जात घ्या आणि पाण्याचा आकार ठरवायच्या आधी ती जात ठरवा. चिली रासबोरा (जेमतेम २ सेंमी, बोर्निओच्या दलदलीतला, मऊ म्हणजे कमी क्षारांचं, आम्लधर्मी पाणी हवं), एम्बर टेट्रा, नाहीतर सेलेस्टियल पर्ल डॅनिओ. हा शेवटचा म्यानमारमध्ये २००६ साली लोकांच्या नजरेस आला, मुळातच उथळ, वनस्पतींनी गच्च भरलेल्या डबक्यांतला आहे, पाणी जरा कमी गरम लागतं, २२-२४ अंश.

दगडफूल:
'काहीही सोडा' असं मी म्हटलेलं नाही, 'बरेच मासे चालतात' म्हटलंय, आधी नीट वाचा. माझ्याकडे निऑन आहेत आणि मजेत आहेत. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडलीत, वीतभर लांब पांढऱ्या मुळांची जाळी झालीय, मासे त्यातनं आतबाहेर करतात. नायट्रेटच्या (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात उरतं ते) टेस्टला रंगसुद्धा चढत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पाणकणीस:
दगडफूल, मनी प्लांट नायट्रेट ओढतो हे मान्य. पण नवीन सेटअपमध्ये मासे मारतो तो घाणीतून आधी तयार होणारा अमोनिया, आणि तो पचवणारे फिल्टरमधले बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर झाडाची मुळंही धड फुटलेली नसतात. त्यात जमिनीच्या भागात खतवाली माती भरली असेल तर वरून फवारलेलं पाणी तीच घाण घेऊन खाली उतरतं. यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर बोलतो, छोट्या पॅलुडेरियमचा खरा वैरी आहे धबधबा! जो उठतो तो धबधबा लावतो. १५ लिटर पाणी आणि त्यात पंप, नाकापेक्षा मोती जड. २ सेंमीचा मासा दिवसरात्र प्रवाहाशी झगडत बसतो, खायला टाकलेलं तोंडापर्यंत येईस्तोवर फिल्टरमध्ये गेलेलं असतं.

हिरवाकोपरा:
धबधब्याशिवाय पॅलुडेरियम म्हणजे अर्धवट पाणी भरलेला टँक. पृष्ठभाग हलला तर ऑक्सिजन मिसळतो, दगडांवरचं मॉस ओलं राहतं, हवेत दमटपणा टिकतो. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, पाणी दगडावरून पसरून उतरवा, प्रवाह मरतो. तुम्हाला जमलं नाही म्हणून सगळ्यांनी सोडून द्यायचं का?

पाणकणीस:
जमण्या न जमण्याचा प्रश्नच नाही. धबधब्याने बाष्पीभवन वाढतं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. तुम्ही वरून नळाचं पाणी ओतता, म्हणजे परत क्षार. दोन-तीन महिन्यांत मऊ पाण्यातली चिली रासबोरा जड पाण्यात बसलेली असते आणि मालकाला पत्ताच नाही. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी कड दिसते ना, ती तीच. भर घालायची तर आरओच्या पाण्याने घाला.

हिरवाकोपरा:
मग आरओचं घाला ना! त्यासाठी धबधबा कशाला फोडायचा? झाकण बसवलं की बाष्पीभवनही बरंच कमी होतं. तुमचा राग धबधब्यावर का आहे तेच कळत नाही.

ओलीमाती:
अहो, विषय माशांचा आहे! पण झाकणाचं निघालं म्हणून सांगतो. माझ्या ओळखीतल्या एकाने किलीफिश सोडले, वरनं उघडं. साध्या टँकमधून उडी मारलेला मासा निदान जमिनीवर दिसतो तरी. इथे तो नेच्यामागच्या मॉसवर जाऊन पडतो, वरून काही दिसत नाही. झाड छाटताना सापडला, काडीसारखा वाळलेला, पाणी चार बोटांवर होतं. किली, बेटा, हॅचेटफिश, यातलं काहीही असेल तर झाकण हवंच.

शेवाळवेडी:
दादा, तुमच्या यादीत बेटा का नाही पण? श्वास वरून घेतो, उथळ पाण्यात राहणारा मासा आहे, एकटाच ठेवायचा म्हणजे थव्याची कटकट नाही. नवख्या माणसाला चिली रासबोरापेक्षा शंभर पटीने सोपा. तिच्या एवढ्याशा तोंडात जाईल असं खाणं शोधण्यातच माणूस थकतो. तसंच स्पार्कलिंग गोरामी, जेमतेम ४ सेंमी, चक्क कुरकुर आवाज काढतो. फक्त दोघांनाही वरचं पाणी शांत लागतं, म्हणजे पाणकणीसदादांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

ओलीमाती:
ठीक आहे, बेटाचं मान्य, पण आखूड परांचाच. लांब झालरीवाला लाकडाच्या फटीत अडकून चिंध्या करून घेतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि हीटर हवा, चार बोटं पाणी रात्रीत गार पडतं. सोबत चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) ठेवणार असाल तर तिची पिल्लं वाचतील ही आशा सोडा, गोरामीच्या बाबतीतही तेच. झेब्रावर मात्र मी एक इंच मागे हटणार नाही.

दगडफूल:
झेब्राचं राहू द्या, तो यादीतून काढतो. निऑन माझ्याकडे सुखात आहेत हे तुम्ही न बघताच खोडून काढताय ते मला पटलेलं नाही. माझ्या टँकमध्ये पाणी तुमच्या हिशेबाच्या तिप्पट आहे.

ओलीमाती:
तिप्पट!! मग हे मूळ पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? ५० लिटरवाल्याचा सल्ला १५ लिटरवाला वाचतोय. आधी तो आकडा टाका तिथे, मग निऑनचं बोलू.

दगडफूल:
टाकतो.

हिरवाकोपरा:
आणि धबधबा राहणार.