मदत हवी आहे : बाबांच्या थंडरबर्डमधल्या जुन्या मेल्स दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

सांगलीला बाबांच्या (वय ७६) डेस्कटॉपवर थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम आहे. २०११ पासून त्यांच्या सगळ्या मेल्स तिथेच येतात. खातं पॉप३ पद्धतीचं आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरते आणि काही दिवसांनी सर्व्हरवरून जाते. ब्राउझरमधून बघायला गेलं तर जुनं काहीच नसतं.

बाबा आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करताहेत. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेरला गेलेल्या शाखांमधून लोकांनी टंकून पाठवलेल्या वंशावळी, जुन्या लग्नपत्रिका, मोडी कागदांचे स्कॅन, सगळं त्या मेल्समध्ये आहे. पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. त्यामुळे पुन्हा पाठवा म्हणायची सोय नाही.

मशीन फार रेंगाळायला लागलं म्हणून गेल्या आठवड्यात गुरुवारी एका दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, विंडोज नव्याने टाकलं, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो कॉपी करून दिले. थंडरबर्ड टाकून खातंही जोडून दिलं. मेल्स आलेल्या दिसल्या म्हणून बाबा निश्चिंत झाले. संध्याकाळी शोधायला बसले तर मागच्या पंधरवड्याच्या पलीकडचं काही नाही. डावीकडचे 'इंदूर शाखा', 'बडोदा शाखा' हे त्यांनी स्वतः लावलेले फोल्डरही गायब. तेव्हापासून त्यांचं जेवणावर लक्ष नाही.

जुनी डिस्क घरातच आहे. आज मी पुण्याहून आले आणि सॅटा-यूएसबी केबल लावून ती जोडली. लपवलेले फोल्डर दाखवायचा पर्याय चालू केल्यावर युजर्स, बाबांचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असं आत जाता आलं. तिथे दोन फोल्डर आहेत. एकाच्या नावाच्या शेवटी 'डिफॉल्ट' आहे, तो जेमतेम काही केबींचा. दुसऱ्याच्या शेवटी 'डिफॉल्ट-रिलीज', तो ६.८ जीबी. त्याच्या आत 'इनबॉक्स' नावाची, एक्स्टेन्शन नसलेली ३.१ जीबीची फाइल आहे आणि शेजारी तिच्याच नावाची .एमएसएफ फाइल.

तो मोठा फोल्डर मी नव्या मशीनच्या प्रोफाइल्समध्ये कॉपी केला. थंडरबर्ड उघडलं तर परत तेच, फक्त नव्या मेल्स. जुनी इनबॉक्स फाइल नव्या इनबॉक्सवर टाकून बघावी असं मनात आलं, पण धीर झाला नाही.

पुढे काय करू? जुन्या मेल्स उघडल्या तर या नऊ दिवसांत आलेल्या जातील का? उद्या संध्याकाळी मला परत निघायचंय, त्याआधी जमलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, इनबॉक्सवर काही टाकलं नाहीत हे फार बरं केलंत. वडिलांचा सगळा ठेवा त्या ६.८ जीबीत आहे, काळजी करू नका. नुसता फोल्डर शेजारी आणून ठेवल्याने थंडरबर्डला तो कळत नाही. कुठलं प्रोफाइल (म्हणजे मेल्स आणि पासवर्ड असलेला फोल्डर) उघडायचं हे profiles.ini ही फाइल वाचून ठरतं, आणि तिथे अजून नव्याचंच नाव आहे.

थंडरबर्ड पूर्ण बंद करा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून येणाऱ्या चौकटीत 'थंडरबर्ड.ईएक्सई', एक स्पेस, वजा चिन्ह आणि पी असं इंग्रजीत लिहा. प्रोफाइलची यादी उघडेल. 'क्रिएट प्रोफाइल' घ्या, काहीही नाव द्या आणि 'चूज फोल्डर' वर जाऊन तुम्ही कॉपी केलेला फोल्डर दाखवा. मग तेच प्रोफाइल निवडून सुरू करा. पासवर्डसुद्धा त्याच फोल्डरात असतात, त्यामुळे बहुतेक पुन्हा विचारणार नाही.

त्या यादीतलं दुरुस्तीवाल्यांनी केलेलं प्रोफाइल आत्ता काढायला जाऊ नका. काढताना 'डिलीट फाइल्स' चं बटण येतं, चुकून दाबलं गेलं तर त्या मेल्स जातील.

प्रतिसाद २

पंधरवड्याचं कोडं सोपं आहे. पॉप खातं नव्याने जोडलं की मेल १४ दिवस सर्व्हरवर ठेवायची असं थंडरबर्डमध्ये आधीच लावलेलं असतं. वडिलांच्या जुन्या मशीनवरही तेच असणार, म्हणून सर्व्हरवर तेवढंच शिल्लक होतं. कुठल्या मेल्स उतरवून झाल्या याची नोंद जुन्या प्रोफाइलमध्ये असते. या नऊ दिवसांतल्या त्याला नव्या वाटतील आणि आपोआप उतरतील. उद्याच करून टाका, १४ दिवस उलटू देऊ नका.

एखादा फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका. .एमएसएफ ही नुसती अनुक्रमणिका, मेल्स बिनएक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये असतात. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर.

धागाकर्ती

झालं! सकाळी साडेनऊला केलं. सगळे फोल्डर जागच्या जागी आले, पासवर्ड विचारला नाही. नऊ दिवसांच्या मेल्सही दोन मिनिटांत उतरल्या. 'बडोदा शाखा' तेवढा रिकामा दिसत होता, रिपेअर केल्यावर ४१२ मेल्स दिसायला लागल्या. बाबांनी पहिली उघडली ती त्यांच्या बडोद्याच्या आत्याची, २०१३ मधली. दोघांनाही मनापासून धन्यवाद.

निघायच्या आधी हा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवतेय. कॉपी करताना थंडरबर्ड बंद ठेवायचं ना?

प्रतिसाद १

हो, बंद ठेवूनच. आणि अख्खा फोल्डर घ्या, एकटी इनबॉक्स फाइल नको. ती जुनी डिस्कही एवढ्यात पुसू नका.