मदत हवी आहे : इंग्रजी मेलमधल्या त्याच त्या चुका कशा सुटतील?

नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचा बेदाण्याचा छोटा व्यवसाय आहे. परराज्यातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजी मेल मीच लिहिते. परवा 'हा लॉट आम्हाला गमवायचा नाही' असं लिहिताना 'लूज'मध्ये एक ओ जास्त पडला. एक ओ म्हणजे गमावणे, दोन ओ म्हणजे सुटा, सैल. समोरच्यांचा लगेच फोन, "सुटा माल नको म्हणताय का?" मला फार ओशाळल्यासारखं झालं. 'आणी' लिहिलेलं दिसलं की मी स्वतः अस्वस्थ होते, मग इंग्रजीत तरी चूक का चालवून घ्यायची?

'इट्स'चं मला उमगलंय. अक्षराच्या डोक्यावरचा स्वल्पविराम म्हणजे तिथलं काहीतरी गळलंय. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं पूर्ण वाचून अर्थ लागला तरच तो द्यायचा, 'त्याचं' म्हणायचं असेल तर नाही. 'युअर'लाही हीच युक्ती लागू पडते. पण 'देअर'ची तीन रूपं आणि 'अफेक्ट-इफेक्ट' यांत हात अजून अडखळतो. मोबाइल लाल रेघ बहुतेक वेळा मारतच नाही, कारण स्पेलिंग बरोबरच असतं, फक्त शब्द भलताच. शिवाय 'डिस्कस अबाउट' ही माझी जुनी सवय. 'विषयी' त्या 'डिस्कस'मध्येच आलं, हे मेल गेल्यावर आठवतं.

लक्षात ठेवायच्या तुमच्या खुणा सांगाल का? विश्रामबाग किंवा गावभागात संध्याकाळी सातनंतर मोठ्या माणसांना मराठीतून इंग्रजी व्याकरण शिकवणारं कुणी असेल, तर तेही कळवा. फी देईन.