‘बायोफिल्म’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: अळंबीतल्या संयुगांवरचा एक लेख मराठीत करतेय. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या बायोफिल्मवर, म्हणजे एखाद्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसलेल्या त्यांच्या थरावर, ही संयुगं चालतात का, असा विषय. ‘दाद न देणारे’ सहज सुचलं, पण ‘बायोफिल्म’पाशी गाडी अडलीय. ‘जैवपटल’ लिहिलं तर डोळ्याचा आजार वाटतो. ‘पापुद्रा’ चालेल?

वारूळ: पापुद्रा सुटतो हो. भाकरीचा, भिंतीच्या रंगाचा, नखाने उचलला की आला. हा थर सुटत नाही हीच तर रड आहे. साय नि तवंग वर तरंगतात, तेही बाद. चार-आठ दिवस माठ घासला नाही की आतून बोटाला काय लागतं ते आठवा. आमची आई म्हणते, ‘माठाला बुळबुळ धरलीय.’ यातलं ‘धरलीय’ मला फार आवडतं. बुरशी धरते, शेवाळ धरतं, तसंच हे.

दाढदुखी: दातांवरचं किटण?

अक्कलदाढ: नको. मी दातांचीच डॉक्टर. किटण म्हणजे क्षार बसून दगड झालेला थर. सकाळी दातांवरून जीभ फिरवली की जो मऊ, गिळगिळीत लेप लागतो, तो बायोफिल्म. सूक्ष्मदर्शकातून जीवाणू पाहणाऱ्या लेवेनहूकने १६८३ च्या पत्रात वर्णन केलेले ‘प्राणी’ त्याच्या दातांवरच्या असल्याच मळातले.

पाटीपेन्सिल: मग ‘बुळबुळीचा थर’ लिहिते. आणि ‘क्वोरम सेन्सिंग’?

वारूळ: सोसायटीच्या नोटिशीत ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ वाचलं असेलच ना ताई! जीवाणूंचंही तसंच. प्रत्येक जण थोडं थोडं रसायन सोडत असतो. ते पुरेसं साठलं की ‘आपण बरेच जमलो’ हे कळतं आणि मग पुष्कळ जाती थर बांधायला घेतात. मी ‘गणपूर्तीची चाहूल’ म्हणेन. कानाच्या आकाराची ऑरिक्युलेरिया अळंबी असते ना, तिच्यातल्या रंगद्रव्याने क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम या जीवाणूचा जांभळा रंग फिका पडतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. तो रंगही गणपूर्ती झाल्यावरच चढतो. म्हणजे जीवाणू हयात, फक्त सभा भरत नाही. अशा ठिकाणी ‘जीवाणूनाशक’ लिहू नका.

अक्कलदाढ: थेट जीवाणूंशी भिडणारं औषधही अळंबीनं दिलंय. प्ल्युरोम्युटिलिन, १९५१. ते जीवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतं आणि प्रथिनं बनणंच थांबवतं. त्याच घराण्यातलं रेटापाम्युलिन २००७ मध्ये त्वचेवर लावायला आलं, लेफाम्युलिन २०१९ मध्ये अमेरिकेत न्यूमोनियासाठी. ‘म्युलिन’ हे आडनाव दिसलं की घराणं ओळखायचं.

दाढदुखी: ‘प्ल्युरो’ म्हणजे प्ल्युरोटस, आपली धिंगरी अळंबीच की! आजपासून रोज भाजी.

अक्कलदाढ: खा, पण दाढेसाठी नको. ज्या अळंबीवरून नाव पडलं ती तेव्हा प्ल्युरोटस म्युटिलस होती, आता तिला क्लिटोपायलस या प्रजातीत टाकलंय. आडनाव मात्र जुन्या घरचंच राहिलं. शिवाय भाजीतली अळंबी वेगळी आणि शुद्ध करून, बदल करून, मोजून दिलेलं औषध वेगळं.

पाटीपेन्सिल: शेवटची शंका. अनेकवचन ‘अळंब्या’ की ‘अळंबी’च?

वारूळ: टोपलीभर असतील तर आम्ही ‘अळंबी आणली’ म्हणतो, गोव्याकडे ‘अळमी’. पाच जाती मोजून सांगायच्या असतील तर ‘अळंब्या’. तुमच्या लेखात मोजूनच आहेत ना?