परतायचं ठरलंय, तर मुलाचं नागरिकत्व आधी ठरवा

मुग्धा_सातारकर (धागा)

मे महिन्यात न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरून आम्ही कायमचे पुण्याला येतोय. नवरा आणि मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलेलो, दोघांचेही पासपोर्ट भारतीयच. लेक इथे जन्मलाय, अजून वर्षाचा व्हायचाय. परतणाऱ्या ओळखीच्या घरांत एकच क्रम दिसतो: जन्मदाखला, मग अमेरिकन पासपोर्ट, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते), मग तिकिटं. मूल कायमचं भारतात वाढणार असेल तर त्याने भारतीय म्हणून जायला काय हरकत आहे, हा विषय कुणी काढतच नाही. माझ्या मते तो सगळ्यात आधी निघायला हवा, आणि तोही पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी.

कारण साधं आहे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे आई किंवा वडील भारतीय असले की परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय नागरिक होऊ शकतं. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून त्याला अट आहे. जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हायला हवी, वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. अमेरिकन पासपोर्ट हातात आल्यावर हे खरेपणाने कसं लिहून देणार? ओसीआय मात्र पाच वर्षांनीही काढता येतं, तिशीतही काढता येतं. एक संधी वर्षभराची, दुसरी आयुष्यभराची. मग आधी कशाचा विचार करायचा?

आणि नोंद केली म्हणून लेकाचं अमेरिकन नागरिकत्व जात नाही. ते त्याला जन्माने मिळालंय. आपल्या कायद्यातही अशा अज्ञान मुलांसाठी सोय आहे: सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे अठरा-साडेअठराला त्याने स्वतः ठरवायचं. तोवर तो भारतातला, आपल्या माणसांतला, पूर्ण हक्काचा. पटत नसेल तर जरूर सांगा, पण कारणासकट.

श्रीरंगकाका

मुग्धा, मन लावून लिहिलं आहेस, पण मला पटलं नाही. अमेरिकेचा नियम आहे की तिच्या नागरिकाने देशात येता-जाताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा. तुझा लेक अमेरिकन नागरिक आहे हे तू स्वतःच म्हणतेस. मग मे महिन्यात विमानतळावर तो कोणता पासपोर्ट दाखवणार? भारतीय दाखवलास तर तिथला नियम मोडलास. अमेरिकन काढलास तर इथे लिहून दिलेलं खोटं ठरलं. दोन सरकारांपैकी एकाशी तरी गैरवागणूक करूनच सुरुवात होते. तान्ह्या पोराच्या कागदपत्रांत अशी गाठ कशाला मारायची?

दुसरं, साडेअठराला ठरवायचं म्हणतेस. ते वय बारावी नुकतीच संपल्याचं, प्रवेशाच्या धावपळीचं. त्याच वेळी एक नागरिकत्व सोड म्हणून त्याच्यामागे लागायचं. आणि अमेरिकन सोडायचं तर वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर शपथेवर सोडावं लागतं, पत्र टाकून भागत नाही. ओसीआयवाल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. भारतात हवं तितकं राहा, एफआरआरओत (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात) नोंदणी नको, शाळा-नोकरी सगळं चालतं. माझी दोन्ही नातवंडं ओसीआयवर ठाण्यात वाढली, एक दिवस अडचण आली नाही.

डॉ_पल्लवी

काका, आदर ठेवून सांगते, "एक दिवस अडचण आली नाही" हे बारावीपर्यंतच खरं असतं. खरी अडचण तिथून सुरू होते.

४ मार्च २०२१ ला गृह मंत्रालयाची अधिसूचना निघाली. ओसीआयधारक नीट, जेईई देऊ शकतात, पण प्रवेश एनआरआय किंवा जादा जागांवर. फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर हक्क नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२३ च्या निकालात त्या तारखेआधी कार्ड काढलेल्यांचे जुने हक्क शाबूत राहिले, नंतर कार्ड घेणाऱ्यांना नवा नियम. तुमच्या नातवंडांची कार्डं जुनी असतील तर ती सुटली. मुग्धाच्या बाळाचं कार्ड आता निघणार, म्हणजे तो सरळ नव्या नियमात.

याचा अर्थ काय होतो ते प्रवेशाच्या दिवसांत मी कॉलेजात बघते. पोरगी सहावीपासून इथल्या शाळेत शिकलेली, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, नीटला मार्क उत्तम. कागदपत्रांच्या टेबलावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्याशी सगळं अडलं. समोर राहिली एनआरआय कोट्याची जागा आणि तिची फी. बापाचा पगार पुण्याचा, रुपयातला. तो माणूस फीचा तक्ता हातात धरून बाहेरच्या बाकावर कितीतरी वेळ बसून होता. इथे पगार घेणाऱ्या कुटुंबाला परदेशस्थाची फी लावणं मला अन्यायच वाटतो. पण आज नियम तो आहे आणि पोरांना त्यातूनच जावं लागतं.

विन्या_कोथरूड

सगळ्यांनीच डॉक्टर व्हायचंय असं कुणी सांगितलं? माझ्या दोघांकडेही ओसीआय आहे. मतदान नाही, सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे सगळं माहीत करून घेऊनच कार्ड काढलं. गावची जमीन वारसाने त्यांच्या नावावर लागू शकते, तेवढं मला पुरे आहे.

आणि ओसीआय म्हणजे कायमची पायरीबाहेरची जागा नव्हे. कार्डाला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असलं, तर सज्ञान माणूस कलम ५ खाली नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. ज्याला भारतीय व्हायचंय तो स्वतःच्या समजेने होईल. आईवडिलांना दिवाळीत घरची आठवण येते म्हणून पोराच्या आयुष्याचा निर्णय पाळण्यात घेऊ नये.

मुग्धा_सातारकर

विनय, पाळण्यात निर्णय तूही घेतलासच की. अमेरिकन पासपोर्टचा अर्ज काय पोरांनी भरला होता? आणि कलम ५ चा अर्ज करता येतो म्हणजे तो मंजूर होईलच असं नाही. शिवाय तो सज्ञान झाल्यावरचा. पल्लवीताई म्हणतात ती प्रवेशाची वेळ नेमकी तेव्हाच येते.

काकांचा विमानतळाचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावरून हात झटकणार नाही. नियम तसाच आहे. नोंदीचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडून तेवढं पक्कं करून घेते.

दुबईकर_नंदिनी

आखातात हा वादच उद्भवत नाही. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना इथलं नागरिकत्व मिळत नाही. बाळ झालं की वकिलातीत नोंद आणि भारतीय पासपोर्ट, दुसरा मार्गच नाही. तरी एक सांगते, वर्षाची मुदत विसरणारे इथेही भेटतात आणि मग परवानगीच्या फेऱ्यात अडकतात. मुग्धा, तुझं बाकी काही ठरो न ठरो, ती तारीख भिंतीवर लिहून ठेव.

म्हापशेकर

आमच्या गोंयची गत उलटी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. युरोपात नोकरी मिळावी म्हणून आमच्या वाड्यावरच्या घराघरांतून लिस्बनला जन्मनोंदी गेल्या. पुढे काय होणार याचा विचार फार थोड्यांनी केला. आपल्या राज्यघटनेच्या कलम ९ मध्ये आणि नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्येही तेच आहे: स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं. माणसं गावात, घर गावात, चर्चच्या फेस्ताला पुढे उभी, आणि मतदारयादीतलं नाव हरकतीत. तेव्हा मुग्धाताईंचं "आधी ठरवा" मला शंभर टक्के पटतं. फक्त आमच्याकडे ते बाहेर जाण्याआधी ठरवायला हवं होतं.

श्रीरंगकाका

म्हापशेकर, तुमचं उदाहरण सज्ञान माणसांचं आहे, त्यांनी जाणूनबुजून अर्ज केले. बाळाने काही केलेलं नाही.

पण उदाहरण निघालंच आहे तर दुसरंही बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगापूरच्या एका तरुणाचा दावा फेटाळला. आईवडिलांनी तिथलं नागरिकत्व घेतलं होतं, त्याला सज्ञान झाल्यावर पुन्हा भारतीय व्हायचं होतं. न्यायालय म्हणालं, आईवडिलांनी भारतीय नागरिकत्व रीतसर घोषणा करून सोडलं असेल तरच मुलाला ही सवलत. परकं घेतल्याने ते आपोआप गेलं असेल तर नाही. म्हणून मी म्हणतो, या कायद्यात माया-जिव्हाळ्याला जागा नाही, शब्दाला आहे.

पल्लवी, फीचं तुझं म्हणणं मला नाकारता येत नाही. नातवंडांची कार्डं जुनीच आहेत. तरीही विमानतळाच्या प्रश्नाला तू उत्तर दिलेलं नाहीस आणि मुग्धानेही नाही. मुग्धा, वकिलाचं उत्तर लेखी घे, तोंडी नको. आणि ते येईपर्यंत दोन्हीपैकी एकाही अर्जावर सही करू नकोस.