खालचा घेर मोठा, वरचा लहान: कपडे कुठले घ्यायचे, कसे बसवायचे

कृष्णकमळ
जुना पंजाबी ड्रेस उसवायला घेतला तर बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे सव्वा-सव्वा इंच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) निघाली! हल्लीच्या रेडीमेड कुर्त्यात ओव्हरलॉकच्या आत अर्धा इंच मिळाली तरी खूप. त्यावरून हा धागा. छाती 34, कंबर 29, सीट 41-42 अशा मापांच्या सगळ्यांनी लिहा. ब्रँड, कट, टेलरला काय सांगायचं, काहीही. फक्त वजन कमी करायचे सल्ले नकोत.

मेथीची_जुडी
आधी माप नीट घ्या. सीट म्हणजे कंबरेचं हाड नाही. कंबरेपासून 7 ते 9 इंच खाली, जिथे घेर सगळ्यात जास्त, तिथे टेप आडवी. मग खुर्चीत बसून परत घ्या, दीड-दोन इंच वाढते. पँट आणि बाजूला कट नसलेल्या ड्रेससाठी बसलेलं माप धरायचं.
दुसरं, ऑनलाइन तक्त्यात माप अंगाचं दिलंय की कपड्याचं ते बघा. कपड्याची सीट 42 लिहिली असेल आणि तुमची 41, तर न ताणणाऱ्या कापडात तो कपडा बसूच शकत नाही. 3-4 इंच ढिलाई लागते.

निवांत
+1. आणि सेट घेऊ नका!! कुर्ता-पलाझो-ओढणी एकाच साइझमधे येतं, वरचं बसेल तर खालचं अडकेल. सुटं घ्या. गो कलर्स मुख्यतः खालचे कपडे करतात, तिथून पँट किंवा पलाझो सीटच्या मापाने, आणि कुर्ता दुसरीकडून खांद्याच्या मापाने.

अनघा_ठाणे
कुर्ता खांद्याने निवडायचा हे लाख बोलाचं. सीटसाठी एल घेतला की खांदा उतरतो, मुंढा (बाही जोडतात तो गोल भाग) काखेखाली लोंबतो, आणि ते दुरुस्त करायचं तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो. त्यापेक्षा एस किंवा एम घ्या, पण ए-लाइन (खाली पसरत जाणारा) किंवा कळीदार. फॅबइंडिया, बिबा, डब्ल्यू सगळीकडे ए-लाइन मिळतात. सरळ कट आवडलाच तर साइड कट कुठून सुरू होतो ते बघा. सीटच्या सगळ्यात रुंद जागेच्या खाली कट सुरू होत असेल तर कुर्ता तिथे अडकतो, बसताना वर चढतो आणि पोटावर आडव्या चुण्या पडतात. टेलरकडून शिवण दीड-दोन इंच वर उसवून घ्यायची. कटाच्या टोकाला आतून छोटा तिकोनी तुकडा लावायला सांगा, नाहीतर पंधरा दिवसांत तिथूनच उसवतं.

मेथीची_जुडी
अनघा, दोन इंच जरा जपून गं. कट कंबरेपासून 4-5 इंचांच्या वर गेला की लेगिंगचा पट्टा दिसतो.

अनघा_ठाणे
हो, ते बरोबर. हात वर करून आरशात बघायचं.

डेनिमवाली
जीन्सबद्दल कोणीच नाही? मी लिहिते मग, लांब होईल.
सीटला बसते ती जीन्स घ्यायची, कंबर नंतर आत घ्यायची. उलटं कधीच जमत नाही कारण जीन्समधे माया नसते. मागे कंबरेला हात जाईल एवढी फट राहते ती दोन प्रकारे जाते. पहिला: मागची मधली शिवण आणि कंबरेची पट्टी उसवून आत घेणे. दीड इंचापर्यंत ठीक, त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. दुसरा, घरी करण्यासारखा: पट्टीच्या आतल्या बाजूला, दोन्ही बाजूच्या शिवणींजवळ, छोटी उभी चीर द्यायची, इंचभर रुंद इलॅस्टिक मागच्या भागातून ओवायचं, पट्टीपेक्षा दोन इंच कमी लांबीचं, आणि दोन्ही टोकं पक्की टाचायची. बाहेरून काही कळत नाही. मशीनला जीन्सची सुई लावा, 16 नंबरची. साध्या सुईने टाके सुटतात.
कापडात इलॅस्टेन (ताणणारा धागा) 1-2 टक्के हवं. जास्त असेल तर दुकानात छान बसते, पण दिवसभरात गुडघ्याला आणि सीटला पिशवी होते.
ब्रँड: लेव्हिजने 2010 मधे कर्व्ह आयडी काढलं होतं, कंबर आणि सीटमधल्या फरकावरून जीन्स. आता त्यांच्या 300 सिरीजमधे 314 सरळ आणि 315 बूटकट (गुडघ्याखाली पसरणारी) बघा, मांडीच्या खाली पाय मोकळा राहतो. मार्क्स अँड स्पेन्सरमधे पँटची लांबी शॉर्ट, रेग्युलर, लाँग अशी वेगळी मिळते, त्यामुळे खालून कापून बूटकटचा आकार घालवावा लागत नाही.

सातासमुद्रापार
अमेरिकेत असाल तर अ‍ॅबरक्रॉम्बीची कर्व्ह लव्ह. सीट आणि मांडीला 2 इंच जास्त, कंबर तीच. इथल्या बऱ्याच ब्रँडमधे कर्व्ही असा वेगळा कट असतो, साइझ बघायच्या आधी तो शब्द शोधा.

निवांत
भारतीय मापांचा तक्ता होतोय ना? निफ्टचा (फॅशनची सरकारी संस्था) इंडियासाइझ, थ्रीडी स्कॅनरने 6 शहरांत मापं, मुंबई धरून. तो दुकानांत लागू झाला तर बरंच सोपं होईल.

डेनिमवाली
होऊ दे गं लवकर!

कोकणकन्या
पँटचे तिरके खिसे कानासारखे बाहेर उघडतात ते कशाने?

डेनिमवाली
सीट घट्ट आहे, दुसरं काही नाही. साइझ मोठा घे. जेमतेम असेल तर खिशाचं तोंड शिवून टाक आणि आतली पिशवी काप, निम्मा फुगवटा जातो. आणि बसल्यावर मागून पट्टी खाली सरकत असेल तर मागचं आसन (कंबरेपासून पायांच्या जोडापर्यंतची उंची) कमी आहे. ते आल्टर होत नाही, ती पँट परत कर.

कोकणकन्या
खिसे कापू? फोन कुठे ठेवू मग

हळदीकुंकू
शिवून घेणाऱ्यांसाठी कुर्त्याच्या कापडाचा हिशोब. सीट 42 अधिक ढिलाई 4, म्हणजे पुढचा भाग 23 इंच. त्यात दोन्ही बाजूंची माया इंच-इंच धरून 25. 44 पन्ह्यात (कापडाची रुंदी) 19 इंच उरतात, बाही त्यातच निघते, 42 लांबीला अडीच मीटर पुरतं. हातमागाच्या 36 पन्ह्यात 11 च उरतात, बाहीला अर्धा मीटर जास्त घ्या. हिंदमाता, मंगलदास, लक्ष्मी रोड, कुठेही आधी पन्हा विचारा मग मीटर सांगा. कॉटन आणि रेयॉन भिजवून, वाळवून मगच टेलरकडे.
टेलरला सांगायचं: "बाजूला इंचभर माया ठेवा, कापू नका."

मेथीची_जुडी
चंदेरी, सिल्क असेल तर अजून एक. सीटवर शिवणीजवळचे धागे फाकतात. अस्तर वरच्या कापडापेक्षा अर्धा इंच आवळ कापायचं, म्हणजे ताण अस्तरावर येतो आणि वरचं कापड टिकतं. न सांगता फार थोडे टेलर हे करतात.

ओवी_२
मांडीकडे कापड विरतं त्यावर कोणी सांगेल का, दर सहा महिन्यांनी नवी पँट

हळदीकुंकू
भोक पडायची वाट बघू नकोस ओवी. कापड उजेडात धरलं आणि जाळी दिसली की आतून त्याच पोताचा तुकडा लाव. तुकडा सुरवारीच्या कापडातून आधीच काढून ठेवायचा. पातळ रेयॉन रोजच्या वापराला घेऊच नकोस.

ओवी_२
थँक्यू! आणि साडीला परकर कुठला? सॅटिनचा सारखा घसरतो.

अनघा_ठाणे
सहा कळ्यांचा, पॉपलिनचा. वर आवळ, खाली घेर. आणि निऱ्या खोचल्यावर 4-5 इंच खाली आतून एक पिन, परकराला न लावता फक्त निऱ्यांना. सीटवर उघडत नाहीत.

कोकणकन्या
डेनिमवाली, ते इलॅस्टिक दोन्ही चिरांतून एकच ओवायचं की दोन तुकडे?

डेनिमवाली
एकच. सेफ्टी पिन लावून ओव. एक टोक आधी टाचून घे, नाहीतर ओढताना आत जातं.