मदत हवी आहे: कॉलेजचं प्रवेश कार्यालय चांगलं की वाईट, आधी कसं ओळखायचं? (एमबीबीएस, तातडीचं)

सातपूरची_आई
मुलीचा प्रेफरन्स फॉर्म (कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी) उद्या संध्याकाळी लॉक करायचा आहे. दोन कॉलेजांत अडकलोय. शिकवणं, हॉस्पिटल, पेशंटची गर्दी, ही सगळी चौकशी झाली आहे, त्यावर कृपया लिहू नका. मला एवढंच हवंय की कागदपत्रं आणि फी भरायच्या वेळी कुठलं ऑफिस माणसाशी नीट वागेल, हे आधी कसं कळणार? एका ठिकाणी जाऊन आले. फी विचारली तर खिडकीतल्या माणसाने माझ्याच फाईलच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहिला. सही-शिक्क्यानिशी द्या म्हटलं तर फाईल सरकवली आणि पुढच्याला बोलावलं. जाणकारांनी लवकर सांगा.

गंगापूररोडवाला
नीटचा स्कोअर? कॅटेगरी? राज्य कोटा की इन्स्टिट्यूशनल (कॉलेजचा स्वतःचा कोटा)? प्रवेशाचा राउंड कितवा? याशिवाय कोण काय सांगणार?

सातपूरची_आई
स्कोअरचा इथे काय संबंध? मी कट-ऑफ विचारलेला नाही.

म्हसरूळकर
ताई, आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. थेट तिथे जाऊन विचारा. नाशिकमध्ये राहून लोक मुंबईला फोन लावत बसतात.

निवृत्त_हेडक्लार्क
म्हसरूळकर, हेलपाटा होईल हो त्यांचा. विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे, पण एमबीबीएसच्या सीट ते वाटत नाही. राज्य कोट्याचं काम सीईटी सेलकडे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाकडे, आणि ऑल इंडिया १५ टक्क्यांचं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे. विद्यापीठाचा संबंध प्रवेशानंतर, पात्रता आणि परीक्षांपुरता.

आता ताईंचा प्रश्न. मी एका कॉलेजच्या प्रवेश विभागात बरीच वर्षं काढली. आपल्याकडे कोणाला घ्यायचं हे कॉलेज ठरवत नाही, मेरिट लिस्ट ठरवते. म्हणून ऑफिसचा चांगुलपणा दिसतो तो कागद आणि पैसा हाताळण्यात. शुल्क नियामक प्राधिकरण खासगी कॉलेजांची फी ठरवून वेबसाइटवर टाकतं. चांगलं ऑफिस तोच आकडा भिंतीवर लावतं, होस्टेल, मेस आणि डिपॉझिट वेगळे दाखवतं आणि प्रत्येक रकमेची पावती देतं. पेन्सिलीचा आकडा तिथे चालत नाही. मंजूर फीच्या वर 'डोनेशन' मागणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी खूण, मूळ कागद. दहावी, बारावी, डोमिसाईल, जात वैधता सगळं जमा करून घेतात. त्या प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली पोच हातात देतात का, ते विचारा. 'फाईल मिळाली' एवढंच लिहिलेली पोच घेऊ नका. फोन करून विचारा, लगेच कळेल.

लासलगावचा_भाऊ
सगळ्यात आधी जात वैधता! माझ्या पुतण्याची सीट त्यापायी गेली असती. समिती, तलाठ्याचा दाखला, आजोबांचा शाळेचा दाखला, सगळं जुळवताना घाम फुटला. वैधता नसेल तर बाकीची चर्चा व्यर्थ.

सेकंड_इयर_एमबीबीएस
हेडक्लार्क काका, फोनवर काहीच कळत नाही. फोन उचलणारा गोड बोलतो आणि रिपोर्टिंगच्या, म्हणजे प्रवेशासाठी हजर व्हायच्या दिवशी खिडकीत भलताच माणूस असतो. फर्स्ट इयरच्या मुलांना विचारा. आमच्याकडे पहिल्या दिवशी अकरा वाजता टोकन दिलं, पालक जिन्यावर बसून. साडेचारला माझा नंबर आला तेव्हा सांगितलं, गॅपचं, म्हणजे शिक्षणात मधे गेलेल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र हवं. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टासमोरून पंधरा मिनिटांत करून आणलं असतं, पण तोवर नोटरी उठले होते. यादी सकाळी दारावर लावली असती तर? मला विचाराल तर चांगलं ऑफिस ते, जे अपुरा कागद सकाळीच सांगतं.

निवृत्त_हेडक्लार्क
यादी सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत असते बेटा. ती वाचणं विद्यार्थ्याचं काम.

सेकंड_इयर_एमबीबीएस
पुस्तिका वाचली होती काका. पण रात्रभर प्रवास करून धुळे-नंदुरबारहून आलेल्या पालकाला पान नंबर सांगून परत पाठवणं ही सेवा नाही. दारात एक माणूस यादी घेऊन उभा केला तरी निम्मी गर्दी कमी होते.

निवृत्त_हेडक्लार्क
हे मात्र मान्य. आम्ही दारात टेबल टाकायचो, खरंच फरक पडायचा.

आयुर्वेदप्रेमी
बीएएमएसचा विचार केलात का? कमी धावपळ, छान शाखा. सगळे एमबीबीएसच्याच मागे का?

गंगापूररोडवाला
त्यांनी ते विचारलेलं नाही. ताई, राउंड कितवा ते अजून सांगितलं नाहीत.

सातपूरची_आई
बरं, सांगते. दुसरा राउंड. पहिल्या राउंडमध्ये एका खासगी कॉलेजात सीट लागली, जॉईन केली आहे, ओरिजिनल्स तिथेच जमा. रिटेन्शन फॉर्म (हीच सीट कायम ठेवतो, असा) भरलेला नाही. ओबीसी, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत. पेन्सिलवालं कॉलेज दुसरं, ते यादीत टाकायचं की नाही हाच प्रश्न.

गंगापूररोडवाला
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! दुसऱ्या राउंडमध्ये नवी सीट अलॉट झाली की जुनी आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून हातातली सीट सोडून जिथे आनंदाने जाल तेवढीच कॉलेजं टाका. 'टाकून बघू' करू नका.

निवृत्त_हेडक्लार्क
अगदी बरोबर. आणि ताई, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. होस्टेल, मेस त्यात नाही. जॉईन केलेल्या कॉलेजने हे तुम्हाला स्वतःहून सांगितलं का?

सातपूरची_आई
हो. तिथल्या मॅडमनी उत्पन्नाचा दाखला बघितल्याबरोबर सांगितलं, महाडीबीटीचा (सरकारी सवलतींच्या पोर्टलचा) फॉर्म कधी भरायचा ते कागदावर लिहून दिलं. पोचेवर प्रत्येक सर्टिफिकेटचं नाव आहे, आत्ता काढून बघितली.

सेकंड_इयर_एमबीबीएस
मग काकू, उत्तर तुमच्याच हातात आहे. हक्काची सवलत न मागता सांगणारं ऑफिस मी तरी अजून पाहिलेलं नाही. पाच वर्षं कागदांसाठी याच लोकांकडे जावं लागतं.

आयुर्वेदप्रेमी
तरी बीएएमएसची माहिती हवी असेल तर लिहा.

सातपूरची_आई
मुलीशी बोलले. पेन्सिलवालं कॉलेज काढलं. फक्त एक सरकारी कॉलेज ठेवलंय, तिथे लागलं तर ती आनंदाने जाईल. नाही लागलं तर आहे तिथेच. गंगापूररोडवाले भाऊ, हेडक्लार्क काका, खूप आभार.

नवीन_सभासद_सिन्नर
इथेच विचारतो. भाच्याचं नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपलं, कॉलेज जुनं धरेल का?

सातपूरची_आई
नाही धरणार. आजच सेतूत नव्याचा अर्ज टाका आणि अर्जाची पावती जपून ठेवा. भाच्याचा राउंड कितवा, ते मात्र आधीच लिहा.