ऑईल टेस्टिंग म्हणजे पैसे उकळायचा धंदा? कालच्या पोस्टला उत्तर

क्रशरवाला: काल इथे एकाने लिहिलं, "ऑईल टेस्टिंग हा लॅबवाल्यांचा धंदा आहे, 250 तासाला ऑईल बदला नि निवांत झोपा." वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. ऑईल बदललं की इंजिनची झीज भरून येते का? वापरलेल्या ऑईलमध्ये झिजलेल्या धातूचे कण किती, ते लॅब सांगते. माझ्या पोकलेनला तीन रिपोर्टात आयर्न 20-25 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), चौथ्यात एकदम 70 आणि सिलिकॉन, म्हणजे धूळ, 8 वरून 40. धूर नाही, आवाज नाही, प्रेशर ठीक. शोधलं तर इनटेकचा होज क्लॅम्पखाली चिरलेला, बोट घातल्याशिवाय कळत नव्हतं. सगळी धूळ तिथून आत. लायनर-पिस्टन वाचले.

दादा_अर्थमूव्हर: तो "एकाने" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजता कशाला. 22 वर्षं मशिनी चालवतोय. माझ्या फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे चाकाजवळच्या शेवटच्या गिअरबॉक्सच्या, रिपोर्टवर "नॉर्मल" आलं होतं आणि बाराव्या दिवशी ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला गिअरच्या दाताचा तुकडा चिकटून आला. तो रिपोर्ट फ्रेम करून लावू का? आमचे मेस्त्री ऑईल दोन बोटांत चोळून सांगायचे.

लॅबमधली: मी लॅबमध्येच आहे, शिव्या घालायच्या तर घाला. ऑईलमधले धातू मोजणाऱ्या आमच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण 5 ते 8 मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात, दाताचा तुकडा त्याला दिसतच नाही. त्यासाठी फेरोग्राफी, पीक्यू या लोखंडाचे मोठे कण पकडणाऱ्या टेस्ट, नाहीतर सरळ फिल्टर कापून बघायचा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही ही आमच्या लोकांची चूक, मान्य. पण सॅम्पल कसं घेतलंत? आमच्याकडे पाण्याच्या बाटलीतून ऑईल येतं, आत घोटभर पाणी शिल्लक, वर फक्त "अर्जंट". मशीनचे तास नाहीत, ऑईल किती चाललं ते नाही. गरम ऑईल, मशीन बंद केल्याबरोबर, दरवेळी एकाच जागेवरून, एवढंच मागतो हो.

गाळपवाला: तुमचा कॉपर आम्हाला महागात पडला मॅडम. ऐन सीझनमध्ये नव्या डीजी सेटला (डिझेल जनरेटरला) कॉपर वाढलं म्हणून बेअरिंग उघडायला लावलं. बेअरिंग चकचकीत. नव्या ऑईल कूलरमधूनच तांबं ऑईलमध्ये उतरत होतं म्हणे. हे आधी सुचलं नाही?

लॅबमधली: सोबत लेड, टिन वाढलं होतं का? बेअरिंग झिजलं की तेही वाढतं. नसेल तर उघडायला नकोच होतं.

क्रशरवाला: सिलिकॉनचं खरं कारण सांगू? ऑपरेटर एअर फिल्टर टायरवर आपटतात, वर कॉम्प्रेसरची हवा मारतात. कागद फाटतो, मग लॅब काय करणार.

केबिनमधून: आला ऑपरेटरवर! नवा फिल्टर मागितला की मालक म्हणतो, "फुंकून घाल." दोन महिन्यांचा पगार थकलाय आणि मी कागदाची काळजी करू?

दादा_अर्थमूव्हर: मी तर स्वतः फुंकून घालतो, आतून बाहेर, हवा कमी ठेवून. काही झालं नाही.

क्रशरवाला: म्हणून तर रिपोर्ट नको वाटतो तुम्हाला, सिलिकॉन दिसेल ना!

दादा_अर्थमूव्हर: तोंड सांभाळून. तुमच्या क्रशरवर धुळीत माणूस दिसत नाही, तिथे होजची कसली फुशारकी.

केबिनमधून: दोघेही एसी केबिन देत नाहीत, त्यावर लिहा धागा.

शेडमधला निवृत्त: भांडण झालं असेल तर बोलतो. ही पद्धत रेल्वेचीच, 1940 च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँडने डिझेल इंजिनांवर सुरू केली. आमच्या डब्ल्यूडीजी-4 च्या, म्हणजे मालगाडीच्या डिझेल लोकोच्या, इंजिनात पिस्टन पिनच्या बेअरिंगला चांदी असते, झिंक तिला खातं, म्हणून झिंकवालं ऑईल वर्ज्य. रिपोर्टात सिल्व्हर हलली की इंजिन थांबवायचं, साहेब असो वा गाडी लेट असो. बोटांनी चोळून चांदीचे पीपीएम कळतात का दादा?

दादा_अर्थमूव्हर: माझ्या मशीनमध्ये चांदी असती तर विकून मोकळा झालो असतो. बरं, पुढच्या सर्व्हिसला इंजिनचं सॅम्पल पाठवतो, हौस म्हणून. फायनल ड्राइव्हचं नाही, तिथे माझा मॅग्नेट बरा.

लॅबमधली: बाटली कोरडी पाठवा. तास लिहा.

केबिनमधून: आणि फिल्टरचं काय ठरलं?